मंडळाने काय धरायचं

"तुमची नोकरी आडवी येतीय, गुरुलिंगण्णा," सोमलिंग म्हणाला आणि त्याने चहाची कपबशी पुढे सरकवली.

गुरुलिंग मास्तरांनी चहा घेतला नाही. सोमलिंगच्या भांड्यांच्या दुकानामागे मंडळाचे सभासद सतरंजीवर बसले होते. सगळ्यांची पुंजी एकत्र करून मंडळ मुंबईच्या दलालामार्फत शेअर घेई. चढेल असं वाटलं की धरून ठेवायचं. पडेल असं वाटलं की हातात नसलेलंच विकायचं, आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन भरायचं. दोन्हीला मुभा होती. बंदी एकच: सभासद जिथे कामाला, त्या कंपनीला हात लावायचा नाही. हा नियम मास्तरांनीच घालून दिला होता.

आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष. चंद्रमौळी मिल बुडणार, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. मास्तर तिथे विव्हिंग मास्तर, म्हणजे विणकाम खात्याचे प्रमुख होते.

"मग मी मंडळ सोडतो की."

"तुमचे पैसे गुंतलेत, आत्ता निघायचे न्हाईत. अन् मिल दिवाळीला बंदच पडणार. आज राजीनामा दिला काय, तवा घरी बसला काय. आज दिला तर आमी तरतो."

"एक धागा चुकला तरी माग थांबवतो मी. सगळी रांग थांबवतो."

"मग बुडली कशी?" मागून कुणीतरी विचारलं.

"सूत रद्दी. माणसं कामचुकार."



घरी ईरम्मा भाकरी थापत होती. "आपलंबी सगळं त्यातच हाय व्हय?"

"सगळं."

ती थापत राहिली.

सोमवारी मास्तरांनी राजीनामा दिला. निरोप देताना मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी मंडळाने होतं नव्हतं ते लावून चंद्रमौळीचे नसलेले शेअर विकले.

भाव काही दिवस जागेवर थांबला. मग चढला. दिवाळीला आणखी चढला. दलालाचं देणं भागवताना सोमलिंगचं दुकान गेलं, मग सतरंजीही गेली. पुढची सभा रस्त्याकडेला, उभ्यानेच भरली.

मिलचा कारकून सिद्धाराम तिथून चालला होता. सोमलिंगने त्याला थांबवलं. "इतकी सुधारली कशी रं मिल? मास्तरांच्या जागी कोण आणलाय, मुंबईचा का अहमदाबादचा?"

सिद्धारामने आधी मास्तरांना वाकून नमस्कार केला. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कुणीच न्हाय आणला. जागा रिकामीच हाय. मालक म्हणत्यात, ती आता कायमची रिकामीच ठेवायची."