इकडे ये ना जरा

महाराजपूरच्या घरी बसून मराठी कोड्यांचं अ‍ॅप बनवणाऱ्या विष्णूने नोटिफिकेशनसाठी आईचाच आवाज रेकॉर्ड केला: “अरे, इकडे ये ना जरा!”

“काहून रे, माझा आवाज काहून घेऊन राहिला?”

“आईनं हाक मारली की माणूस हातातलं टाकून येतोच. सवय असते ती.”

लोक खरंच आले. दिवसातून वीस-वीसदा अ‍ॅप उघडू लागले. टेस्टिंगपायी विष्णूच्या कानावर दिवसभर तीच हाक पडायची, आणि तो न बघताच फोन पालथा करायचा.

सोमवारी आई आंघोळीला गेली, तेव्हा हाक आली. त्याने फोन सायलेंट केला. हाक पुन्हा आली. मग पुन्हा.



कामाच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, “सायलेंट केलं तरी आवाज येतोय, बघा.” दहा मिनिटांनी खाली लिहिलं, “राहू द्या, थांबला.”