डावा गुडघा

लिफ्ट सकाळपासून बंद होती. तीन मजले चढून टोलेडो संघाच्या कचेरीत आलेल्या, संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या व्हर्जिल टॅन्सीचं डोकं त्यामुळे आधीच तापलेलं होतं. त्याने एक खुर्ची स्वतःसाठी ओढली, दुसरी पाय लांब करायला, आणि तो टीव्हीकडे बघत बसला.

बास्केटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड, सुरू होता. तेरा संघांनी आपापले नवे खेळाडू उचलले होते. चौदावी पाळी त्यांची, टोलेडोची. केंड्रेल मॅब्री अजून न निवडलेला, पडद्यावर दिसत होता, जांभळ्या सुटात, आईशेजारी. आजूबाजूची टेबलं रिकामी होत चालली होती.

"घे त्याला," व्हर्जिल म्हणाला. "दोन वर्षं त्या पोरामागे हिंडतोय मी. मोटेलांतले गार बर्गर खाऊन पोटाची वाट लागली माझ्या."

"गुडघा," मॅनेजर रॉय गॅडिस म्हणाला.

"अरे, पाच डॉक्टरांनी तपासला! काही नाही त्यात."

"मग जिना असा का उतरतो तो? डाव्या हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत, म्हाताऱ्यासारखा. पेपरात आलंय."

"पेपरात!" व्हर्जिलने कपाळावर हात मारला. "फ्री थ्रो भिकार टाकतो म्हण, कबूल. कोचशी भांडतो म्हण, तेही कबूल. हे सगळं मीच तुला लिहून दिलंय ना? मग गुडघा कशाला लपवीन?"

"फ्री थ्रो शिकवता येतात. गुडघा कसा शिकवणार? आणि तेरा जणांनी सोडला त्याला. ते सगळे मूर्ख?"

"मेंढरं आहेत नुसती!"

"गेल्याच्या गेल्या वर्षी तुझ्या शब्दावर एक लंगडा घेतला, व्हर्ज. मालक अजून जेवताना त्याचं नाव काढतात. यंदा तसं झालं तर मीही घरी बसेन."

व्हर्जिलचा करार या महिन्यात संपत होता. केंड्रेल मिळाला तरच तो वाढणार होता. बासष्टाव्या वर्षी दुसरं कोण दारात उभं करणार? नाव सांगायला घड्याळात दीड मिनिट उरलं होतं.

"ती जिन्याची गोष्ट खोटी आहे, रॉय."

"तुला काय माहीत?"

व्हर्जिलने खुर्चीवरचा पाय खाली घेतला. "माहीत आहे," एवढंच तो म्हणाला.

"बघ, हे असं!" रॉय वैतागला. "त्या पत्रकाराला निदान कुणीतरी आतल्या माणसाने सांगितलंय. तुझ्याकडे काय आहे? नुसता हट्ट."

त्याने फोन उचलला आणि एका लिथुएनियन पोराचं नाव सांगितलं. त्या पोराचे गुडघे उत्तम होते, फक्त त्याला उडी मारता येत नव्हती. पडद्यावर केंड्रेलची आई त्याचा टाय सारखा करत होती. टाय आधीच सारखा होता.

व्हर्जिल बाहेर पडला. लिफ्ट अजूनही बंदच. त्याने एक शिवी हासडली, डाव्या हाताने कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर एक पाय टेकला. मग दुसरा. मग पुढची पायरी.

तीन आठवड्यांपूर्वी, न्याहारीच्या टेबलावर, पत्रकार पेन उघडून बसला होता. पोरगा घसरत चौदाव्या पाळीपर्यंत यायचा, तर डॉक्टरांनाही न सापडणारी एखादी खोट हवी होती. ऐनवेळी दुसरं काही सुचेना, म्हणून व्हर्जिलने त्याला आपलाच गुडघा देऊन टाकला होता.