बोटभर अंतर

"काकू, हा डाग कधीचा?"

परदेशी जाणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी उजेडाच्या पेटीवर लावलेल्या छातीच्या एक्स-रे फोटोवर पेनाचं टोक टेकवलं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला तांदळाएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं. काकूंनी मान खाली घातली. लेक दोन वर्षांची असताना त्यांना क्षय झाला होता. औषधं पुरी केली, बऱ्याही झाल्या, पण त्यानंतर घरात त्याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता.

"जुना, भरून आलेला असेल तर आजच कागद पुढे पाठवते. पण तसं दिसायला हवं. नाहीतर थुंकी तपासायची, आणि निकाल यायला दोन महिने."

दोन महिने! तिकडे लेकीला नववा लागला होता आणि जवळ घरचं एकही बाईमाणूस नव्हतं.

शेजारी बसलेल्या काकांनी घसा खाकरला आणि पिशवीतून एक पिवळा पडलेला लिफाफा काढला. तुटलेल्या छत्रीचा दांडाही न टाकणारा हा माणूस; त्यावरून काकूंनी जन्मभर त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"अहो, हा जाळून टाका म्हटलं होतं मी!"

"म्हटलं होतंस खरं."

डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो बाहेर काढला आणि कपाळाला हात लावला. छातीच्या मधोमध कात्रीनं कापलेलं चांगलं चार बोटं रुंद भोक.

"लेकीचा पराक्रम," काका ओशाळले. "आठ वर्षांची होती. ग्रहण बघायचं होतं तिला."

"डोळे गमावून बसली असती," असं पुटपुटत बाईंनी तो फोटो नव्या फोटोवर ठेवला आणि हळूहळू सरकवला. फासळीवर फासळी बसली. गळ्याखालच्या हाडावर हाड बसलं. आणि भोकाच्या कोपऱ्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर डागावर डाग बसला. तसूभरही वाढला नव्हता.

तीस-बत्तीस वर्षं काकू पाणी भरत होत्या, जिने चढत होत्या, केस पिकवत होत्या, आणि आत तेवढीशी जखम निमूटपणे आपली जागा धरून बसली होती. काकू पुढे वाकल्या. जुन्या फोटोच्या भोकातून त्यांचं आजचं हृदय तेवढं लख्ख दिसत होतं.

"जुनाच आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांनी लिहिलं, सही केली. "भरा बॅग, काकू."

काका फोटो काढायला पुढे झाले.

"थांबा हो जरा." काकूंनी इतक्या वर्षांत तो एकदाही नीट पाहिला नव्हता. "ग्रहणाच्या दिवशी ह्यातला कापलेला तुकडा डोळ्यांना लावून ओरडली होती ती, आई, तुझ्या छातीत सूर्य आहे! मी धावत जाऊन तिच्या हातातून तो हिसकावला. शेजारी ऐकतील म्हणून."

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. डॉक्टरीणबाईंनी दिवा तसाच राहू दिला.

"आता गेले की सांगते तिला," काकू म्हणाल्या, "बरोबर पाहिलं होतंस."