टेकडीवरचे हिरवे ठिपके

नदी चढायला लागली तसे वस्तीतल्या सगळ्यांच्या मनगटावरचे पट्टे थरथरले. ते पट्टे बनवणारी इंजिनिअर कंट्रोल रूममध्ये जीव मुठीत धरून पडद्याकडे बघत होती. पट्टा टेकडीवरच्या शाळेत पोचला, की पडद्यावरचा त्याचा लाल ठिपका हिरवा व्हायचा. तिचं सगळं लक्ष खालच्या गल्लीकडे. तिथे तिची मावशी राहायची, गुडघेदुखीने बेजार झालेली. तरी पुराच्या दर सरावात पहिला नंबर याच गल्लीचा.

आजही लाल ठिपक्यांचा घोळका टेकडी चढला आणि सगळी गल्ली एकदम हिरवी झाली. मावशीसुद्धा. शिस्त असावी तर अशी, असं म्हणत इंजिनिअरने सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्या गल्लीकडे निघालेली बोट पलीकडच्या वस्तीला वळवली.

तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"अगं, पट्टे थरथरले तसे आम्ही नेहमीसारखे सगळ्या गल्लीचे पट्टे पिशवीत भरून पेपरवाल्याच्या हाती वर धाडले, पण आज पाणी खरंच उंबऱ्याला लागलंय, बोट कधी येतेय?"