जानकीच्या पाच खुणा

"पाच झाल्या!" जानकीने टाळी वाजवली आणि तक्त्यावरची पाचवी खूण बोटाने दाबून पाहिली.

आज तिने आपली बॅग आपणच भरली होती. टॉवेल, ब्रश, कपड्यांचे दोन जोड, सगळं जागच्या जागी. स्टेलाबाईंनी तिथल्या तिथे शाबासकी दिली. उशिरा दिलेलं बक्षीस वाया जातं, असं त्यांनी तिच्या भावाला, विनीतला, पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बक्षीस ठरलेलं होतं. पाच खुणा झाल्या की दादाच्या स्कूटरवरून देवगड बंदरापर्यंत फेरी. खाऊ, रंग, बाहुल्या, कशाकडेच तेवीस वर्षांची जानकी ढुंकून पाहत नसे. दादाबरोबरच्या फेरीसाठी मात्र ती काहीही शिके.

"चल गो बाये," म्हणत विनीत चावी घेऊन उठला.

स्वमग्न जानकीला बाई दोन वर्षं घरी येऊन शिकवत होत्या. काय शिकवायचं ते विनीतच सुचवी. वेणी घालणं, ताट धुणं, अनोळखी खोलीत एकटीने झोपणं. आईवडलांमागे बहिणीला इतका जीव लावणारा भाऊ बाईंनी पाहिला नव्हता.

"बाई, उद्या माका काय झाला तर हिचा कोण करतलो?" तो विचारी. बाईंना भरून येई.

मे महिन्यात त्याने प्रगतीचा दाखला मागितला. बाईंनी अभिमानाने लिहिलं, 'सर्व कामे स्वतः करते.'

पुढच्या सोमवारी घराला कुलूप होतं. विनीत फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एका निवासी संस्थेतून बाईंना फोन आला.

"जानकीच्या शिक्षिका ना? दाखल्यावर तुमचा नंबर होता. मुलगी अगदी तयार आहे हो."

"जानकी तिथे? किती दिवस?"

"कायमची. भाऊ परदेशी गेले ना! तुम्हाला बोलले नाहीत?"

बॅग. वेणी. अनोळखी खोली. एकेक धडा कशासाठी होता ते बाईंना आता कळत गेलं.

"रडते का ती?"

"छे. दिवसभर दारात उभी राहून दादाला हाका मारते, एवढंच. पण त्याचंही भावाने लिहून दिलंय. ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. बक्षीस मिळेनासं झालं की हाक मारायची सवय आपोआप सुटते. तुमचीच पद्धत ना ही, बाई?"