चौऱ्याण्णव वेळा नाही

"चौऱ्याण्णव बायका, चौऱ्याण्णव वेळा 'नाही'," पडद्यावरून पुण्याचे प्राध्यापक म्हणाले. "म्हणजे त्या गावात नैराश्याचा एकही रुग्ण नाही. मुस्कान, हे गाव अभ्यासातून वगळू या."

नैराश्य का येतं आणि कशानं बरं होतं, याचा शोध पाच शहरांतले डॉक्टर मिळून घेत होते. धुळ्याचं काम डॉ. मुस्कान छाजेड पाहत होत्या. गाव वगळलं, तर दर पंधरवड्याला तिथं जाणारे डॉक्टरही बंद होणार होते.

"सर, थोडं थांबा. या मोगराबाई, त्याच गावच्या. आमची ललिता घरोघरी फॉर्म भरत होती, तेव्हा यांनी तिला सांगितलं की तुमचा प्रश्नच चुकलाय. म्हणून ती यांना घेऊन आलीय."

मोगराबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. पहाटे सातपुड्यातून निघून दोन बस बदलून आलेल्या.

"काय चुकलं, मोगराबाई?" डॉ. मुस्कान यांनी विचारलं.

"ही पोर इचारस, उदास वाटस का. उदास तं बठ्ठा गाव ऱ्हास, डाक्टरीनबाई. पानी उना नही का बठ्ठा उदास. ते काय दुखनं शे?"

"म्हणजे पाणी आलं नाही की सगळंच गाव उदास; ते दुखणं नाही, म्हणून सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. मग दुखणं कुठलं?"

मोगराबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"तीन साल व्हयनात. मोहना दिवस व्हतात. मना घरना मांगे झाड शे. पहाटमा फुलं टपटप पडेत. माले आयकू ये. पन मनाथून उठायनं नही."

"मोहाची फुलं वेचायला जावंसं वाटत नव्हतं?"

"वाटे ना! जावाले वाटे. आंग उठे नही. बठ्ठा मोह सरी गया, मी तठेच."

ललिताचं पेन थांबलं. तीन वर्षं ती मोगराबाईंच्या घरी जात होती. हे तिनं पहिल्यांदा ऐकलं.

"मग बरं कसं वाटलं?"

"मनी पोर माले जळगावले दवाखानामा लई गई. सहा महिना गोया खाद्या. आते एक दिन घर बसत नही मी."

पडद्यावरून प्राध्यापक म्हणाले, "पण मुस्कान, प्रश्नावली सगळीकडे एकच हवी. पुण्यातल्या बाईला मी मोहाची फुलं कशी विचारू?"

"प्रश्न एकच राहील, सर. रोजचं काम समोर दिसतंय, करावंसंही वाटतंय आणि अंग उठत नाही, असं किती दिवस झालं? कामाचं नाव तेवढं गावागणिक बदलेल."

"नुसतं पटून भागणार नाही. वीस बायकांना विचारा. त्याच बायकांना, त्यांची उत्तरं न दाखवता, डॉक्टरांकडूनही तपासून घ्या. दोन्ही जुळलं, तर गाव राहील."

"जुळेल," डॉ. मुस्कान म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी ललिता गावात गेली. मोगराबाई बरोबर होत्या. पहिलं घर बेबाबाईचं. मागच्या खेपेला बेबाबाईनं दारात उभ्या उभ्याच सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणून ललिताला वाटेला लावलं होतं. आजही ती तशीच चौकटीला हात लावून उभी राहिली.

"अक्का, एकच विचारते," ललिता म्हणाली. "शेतात कापूस फुटलेला दिसतो, जावंसं वाटतं, आणि तरी अंग उठत नाही, असं होतं का?"

बेबाबाईनं ललिताकडे पाहिलं, मग मोगराबाईंकडे. मग ती हळूहळू उंबऱ्यावर खाली बसली.

"हाई तुमले कोनी सांगं?" तिनं विचारलं.