माल आधी, कागद मागाहून

उरणच्या हेमलता घरत वीस वर्षं बंदरावरच्या एजंटाच्या कचेरीत जहाजांची कागदपत्रं करत होत्या. नोकरी सांभाळून वकील झाल्या आणि एकोणपन्नासाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याच्या एलएलएमला बसल्या. पण वर्गातली मुलं कोर्टाचे इंग्रजी निकाल घडाघडा सांगत, तेव्हा त्यांना आपण चुकून इथे आलो असं वाटे. ही सहामाही संपली की सोडायचं, असं त्यांनी ठरवलंही होतं.

एकदा सरांनी विचारलं, "समजा, जहाज आलं, पण बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची मूळ पावती, पोचलीच नाही. माल कसा सोडवाल?"

मुलं पुस्तकं चाळू लागली. हेमलताबाई मराठीतच बोलून गेल्या, "हे तर रोजचंच, सर! बँकेचं हमीपत्र द्यायचं. पण त्यावर मुदत घातली, की जहाज कंपनी ते परत पाठवते; मूळ पावती घेऊन कुणी कधीही येऊ शकतं ना!"

"हे पुस्तकात नाही," म्हणत सरांनी खडू त्यांच्या हाती दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले.

तास संपला, तरी कुणी उठेना. एका मुलीनं विचारलं, "ताई, खरं बिल ऑफ लेडिंग बघायला मिळेल?"

"बंदरावरच चला की सगळे! शनिवारी जमेल?" हेमलताबाई म्हणाल्या.